कामसबुईचे दोन मर्डो

नेटीने तीस वर्षं गोर गावच्या शाळेची बस चालवली होती. सकाळी मुलं मोजून चढवायची, दुपारी मोजून उतरवायची. तीस वर्षांत एकही पोर मागे राहिलं नाही की चुकीच्या फाटकापाशी उतरलं नाही. म्हणून गिलँडर्स घराण्याचा मेळावा भरवायचं ठरलं आणि मूळपुरुषाच्या थडग्यावर नवा दगड बसवायचं निघालं, तेव्हा दगडावर काय कोरायचं ते शोधून काढण्याचं काम सगळ्यांनी मिळून तिच्याच गळ्यात घातलं.

"त्यात काय एवढं?" तिचा धाकटा भाऊ लॉकी म्हणाला. तो कुंपणाची तार ताणत होता, तोंडात दोन खिळे होते. "नाव ठाऊक आहे. मेला कधी तेही ठाऊक आहे. जन्मला कधी तेवढंच बघायचं. माणूस काय दोनदा जन्मतो?"

मूळपुरुष म्हणजे मर्डो गिलँडर्स. स्कॉटलंडच्या रॉसशायरातल्या कामसबुई नावाच्या वस्तीतून निघून तो १८६३ साली जहाजाने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, इथल्या ब्लफ बंदरात उतरला. बरोबर बायको ख्रिस्टीना आणि तीन वर्षांची जोहाना. मटाउरा नदीच्या काठी त्याने मेंढ्या राखल्या, आणखी सहा मुलं झाली, आणि १८७८ च्या पुरात नदीने त्याला नेलं. आठव्या दिवशी प्रेत सापडलं. थडग्यावर लाकडाची पाटी होती, ती केव्हाच कुजून गेली. एवढी कहाणी घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती.

जन्मसाल मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. नेटी गोरच्या वाचनालयात जाऊन बसली. जहाजाच्या यादीत मर्डोचं वय एकोणतीस लिहिलेलं होतं, म्हणजे जन्म १८३४ चा. मग तिकडच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही संगणकावर उघडली, तर खरंच सापडला: मर्डो, बाप केनेथ, आई इझाबेला, कामसबुई, १८३४. काम पहिल्याच दिवशी फत्ते. नेटीने कोट चढवला, पर्स उचलली, आणि उगाच, हाताला चाळा म्हणून, त्या वहीची आधीच्या वर्षांची काही पानं चाळली.

मर्डो. बाप केनेथ, आई इझाबेला, कामसबुई. १८२८.

तिने कोट काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने व्हर्नाला फोन केला. व्हर्ना म्हणजे जोहानाच्या शाखेतली, मेळाव्याच्या समितीची अध्यक्ष. तिच्या बोलण्यात पूर्णविरामच जास्त.

"पहिला लहानपणी गेला असणार," व्हर्ना म्हणाली. "मग दुसऱ्याला तेच नाव ठेवलं. सगळेच ठेवायचे तेव्हा. १८३४ लिही आणि मोकळी हो. दगडवाल्याला मजकूर हवाय."

हे पटण्यासारखं होतं. नेटीने रात्री नीट झोप काढली. पण मन मोठं खोडकर. गेलाच असेल तर त्या बिचाऱ्याच्या मरणाची नोंदही बघून ठेवू, म्हणून ती परत वाचनालयात गेली. मरणाची नोंद मिळाली नाही. मिळाली ती १८४१ ची शिरगणती. कामसबुई, घर चौथं: केनेथ, इझाबेला, तीन मुली, मर्डो वय तेरा, मर्डो वय सात.

एकाच घरात. एकाच छपराखाली. दोघंही जिवंत.

"लिहिणाऱ्याला डुलकी लागली असेल," लॉकी म्हणाला.

"डुलकी लागली तर नाव गळतं रे. वाढतं कसं?"

"मग आईबापांना डुलकी लागली असेल."

तो हसला, पण नेटीला हसू येईना. एका घरातल्या दोन पोरांना एकच नाव? आई जेवायला हाक मारायची ती कुणाला? आणि यातला आपला कोणता? एवढी वर्षं ज्याला आपण मर्डो म्हणत आलो तो एकदम धूसर झाला, जणू कुणी काचेवर श्वास सोडला होता.

कामसबुईच्या पलीकडच्या गावात यूअन गिलँडर्स नावाचा एक निवृत्त पोस्टमन राहतो, असं तिला तिथल्या इतिहास मंडळाकडून कळलं. तिने पत्र टाकलं. उत्तर आलं ते चारच ओळींचं: "दोन मर्डो होते हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पत्रात सांगण्यासारखं नाही. या." सप्टेंबरात नेटी निघाली. पासपोर्ट तिने आयुष्यात पहिल्यांदा काढला.

यूअन एकोणऐंशी वर्षांचा, उंच, पाठीत जरा वाकलेला. त्याची बहीण डोलिना त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. लाकडांच्या शेगडीशेजारी टेबल मांडलेलं, त्यावर ओटच्या पिठाचे ओटकेक, घरचं मऊ चीज आणि चहाची किटली. यूअनने दार उघडलं आणि नेटी चरकलीच. समोर लॉकी उभा होता, फक्त म्हातारा झालेला. तेच नाक, तोच खालचा ओठ.

"आत या, आत या," यूअन म्हणाला. "बहीण म्हणत होती, ओळखायचं कसं? म्हटलं, तोंड बघ म्हणजे कळेल."

"इतक्या लांबून आलात, दमला असाल," डोलिना म्हणाली, आणि पहिला कप पोटात जाईपर्यंत तिने मर्डोचं नावही निघू दिलं नाही.

मग यूअनने उलगडून सांगितलं. त्यात गूढ असं काहीच नव्हतं. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं. दोन्ही आजोबांचं नाव मर्डो. आता एका आजोबाचा मान ठेवायचा आणि दुसऱ्याचा मोडायचा? भांडण नको म्हणून दोन्ही नातू मर्डो. घरात एकाला मोठा मर्डो म्हणायचे, दुसऱ्याला लहान मर्डो.

"मोठा मर्डो इथेच राहिला. तो आमचा पणजोबा," यूअन म्हणाला. "लहान मर्डो समुद्रापार गेला. तो तुमचा. झालं?"

नेटीच्या डोक्यावरून हंडा उतरल्यासारखं झालं. १८३४. व्हर्ना बरोबर होती, वाट चुकीची का असेना. ती इतकी मोकळेपणाने हसली की डोलिनालाही हसू आलं, आणि तिने जॅमची खास बरणी फडताळातून काढली.

दुसऱ्या दिवशी यूअनने तिला गाडीतून कामसबुईला नेलं. तिथे आता कुणी राहत नाही. गुडघ्याएवढ्या दगडी भिंती, आत नेच्याची झुडपं माजलेली, खाली करडा समुद्र. चौथं घर त्याने काठीने दाखवलं. एकच खोली. दोन्ही मर्डो एकाच पलंगावर निजत असणार. नेटी त्या भिंतीच्या आत जरा वेळ उभी राहिली. काहीतरी वाटायला हवं होतं, पण बूट ओले झाले होते आणि तेच जास्त जाणवत होतं.

परतीच्या विमानाला चार दिवस होते. आलोच आहोत तर मर्डो आणि ख्रिस्टीनाच्या लग्नाचा दाखला घेऊन जावा, मेळाव्यात भिंतीवर छान दिसेल, एवढ्याच हेतूने ती इन्व्हर्नेस शहरातल्या दफ्तरखान्यात गेली. दाखला पाच मिनिटांत निघाला. १८५८. वधू ख्रिस्टीना मॅक्रे, वय बावीस. वर मर्डो गिलँडर्स, मेंढपाळ, कामसबुई, बाप केनेथ, आई इझाबेला. वय तीस.

नेटीने बोटांवर मोजलं. मग कागदावर मोजलं. १८५८ साली तीस वर्षांचा, म्हणजे १८२८ चा. म्हणजे मोठा मर्डो.

ख्रिस्टीनाचं लग्न मोठ्या मर्डोशी झालं होतं.

बसने परत येताना सबंध वाटभर ती तो कागद पर्समधून काढत होती आणि परत ठेवत होती. सांगावं की सांगू नये? शेवटी यूअनच्या टेबलावर तिने तो मांडला, कारण त्या दोघांपासून लपवून ठेवणं तिला जमेना.

यूअनने चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठून आतून एक जुनी फाइल आणली. त्यात त्याच्या पणजोबाच्या लग्नाचा दाखला होता. १८६६. मर्डो गिलँडर्स, तेच आईबाप. वधू ॲनी. वराची स्थिती: अविवाहित.

"अविवाहित," डोलिना मोठ्याने म्हणाली. ती दर रविवारी दोन वेळा चर्चला जाणारी बाई. "मोठ्या मर्डोचं आधी लग्न झालं होतं तर इथे अविवाहित कसं?"

"वय किती लिहिलंय?" नेटीने विचारलं.

१८६६ साली मोठा मर्डो अडतीस वर्षांचा असणार, लहान बत्तीस. यूअनने कागद खिडकीकडे धरला.

"पस्तीस," तो म्हणाला.

आणि खो खो हसत सुटला, खोकला येईपर्यंत.

"हसतोस काय मेल्या?" डोलिना कडाडली. "कळतंय का तुला काय चाललंय? एक तर आपल्या पणजोबाने पहिली बायको जिवंत असताना दुसरी केली, आणि चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलला. नाहीतर आपला पणजोबा मोठा मर्डो नव्हेच, लहान. मग मोठा मर्डो म्हणून एवढी वर्षं आपण कुणाच्या थडग्यावर फुलं ठेवतोय?"

"पण तुम्ही त्याला मोठा मर्डो म्हणता तो वयाने मोठा म्हणून, की..." नेटी चाचरली. "म्हणजे अंगाने?"

डोलिनाने यूअनकडे पाहिलं. यूअनचं हसू थांबलं.

"आजी सांगायची, दारातून वाकून आत यायचा," तो सावकाश म्हणाला. "एका हाताने मेंढा उचलायचा."

"म्हणजे अंगाने मोठा."

"असेल. वयानेही असेल. आम्ही कधी विचारलंच नाही. मोठा म्हणजे मोठा."

आता वाटच फुटेना. जर इथे राहिलेला तो अंगाने मोठा पण वयाने धाकटा असेल, तर सगळं साफ होतं: थोरला आपली बायको-मुलगी घेऊन गेला, जहाजावर वय कमी सांगितलं, संपलं. पण तो खरंच थोरला असेल, तर ख्रिस्टीना नवऱ्याला इथे टाकून दिरासोबत गेली. नाव एकच, लग्नाचा दाखला एकच, विचारणार कोण? आणि ती छोटी जोहाना एकाची मुलगी होऊन चढली आणि दुसऱ्याची होऊन उतरली.

"रक्त तपासतात ना हल्ली?" यूअनने विचारलं.

"विचारलं मी दफ्तरखान्यात. सख्खे भाऊ. कुणीही गेला असला तरी तुम्ही-आम्ही नातेवाईकच निघणार. एवढं जुनं वेगळं करून सांगता येणार नाही म्हणाले."

डोलिनाने कप गोळा केले. नेटीच्या कपात अजून अर्धा चहा होता. "माझ्या आजोबांची आई ॲनी," ती पाठमोरी राहून म्हणाली. "नऊ बाळंतपणं केली तिने या गावात. तिला तुम्ही रखेल ठरवायला आलात का इतक्या लांबून?"

"अहो, नाही हो..."

"मग कागद कशाला आणलात?"

नेटीने दाखल्याची घडी करून तो पर्समध्ये ठेवला. निघताना यूअन गाडीपर्यंत आला. डोलिना आली नाही.

नेटी घरी परतल्यावर व्हर्नाने सगळं ऐकून घेतलं, एकदाही मध्ये न बोलता. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"थांब. म्हणजे जोहाना तर लग्नाचीच. बाप म्हणून इथे कुणीही आलेला असो, जोहाना मोठ्या मर्डोची रीतसर मुलगी."

"हो."

"आणि पुढची सहा इथे झाली ती... तुझा पणजोबा धरून..."

"व्हर्ना, पुढे बोलू नकोस."

"मी कुठे काय म्हणतेय? कागद म्हणतोय." व्हर्नाने केसांवरून हात फिरवला. "तरी पणजोबाच्या फोटोत मला नेहमी वाटायचं, नजर जरा चोरटी आहे."

नेटीने घरी येऊन तो फोटो भिंतीवरून काढला आणि खिडकीजवळ नेऊन पाहिला. आता तिलाही नजर चोरटी वाटू लागली. मग वाटलं, फोटोवाल्याने बराच वेळ हलू दिलं नसेल, म्हणून असेल. तिने फोटो परत लावला. जेवताना परत काढला.

"तू मेलेल्यांच्या मागे लागून वेडी होणार आहेस," लॉकी म्हणाला. पण दोन दिवसांनी तोच मेंढ्यांची लोकर कातरायचं सोडून तिच्या दारात आला. "मी म्हणतो, समज, आपली खापरपणजी दिरासोबत पळून आली. का आली असेल? थोरला मारत असेल का तिला?"

"मला काय ठाऊक?"

"की तिला धाकटाच आवडत होता आणि चुकीच्या मर्डोशी लग्न लावलं?"

"लॉकी!"

"नाही, नाव सारखंच ना," लॉकी म्हणाला. आणि टोपी हातात धरून तिथेच दारात उभा राहिला, अगदी यूअनसारखा वाकून.

मार्चमध्ये मेळावा भरला. दोनशे माणसं, मंडपात चीज रोलचे डोंगर, गावच्या बॅगपाइप पथकाचं कर्कश वादन. दगडावर काय कोरायचं यावर समितीत तीन बैठका झाल्या होत्या. व्हर्नाला जोहानाच्या बापाचं म्हणून १८२८ हवं होतं, लॉकीला काहीच नको होतं. शेवटी नेटीनेच सांगितलं: मर्डोचं नाव घाला, ख्रिस्टीनाचंही, गाव घाला, आलेलं साल घाला. जन्मसाल नको. जे ठाऊक नाही ते मी कोरू देणार नाही. व्हर्ना आठ दिवस बोलली नाही, नवव्या दिवशी तिने मंडपाचं विचारायला फोन केला.

मेळाव्यात नेटी व्हर्नाच्या आईजवळ बसली होती. ग्वेंडाआत्या चौऱ्याण्णव वर्षांची, कानाने गेलेली, पण जोहानाला प्रत्यक्ष पाहिलेली आता ती एकटीच उरली होती. जोहाना तिची आजी. आजी गेली तेव्हा ग्वेंडा दहा वर्षांची होती.

"आत्या, आजी तिच्या वडलांबद्दल काही सांगायची का?" नेटी कानाशी ओरडली.

"सांगायची की. मला दोन बाप आहेत म्हणायची."

"दोन?"

"दोन. एक वर आणि एक खाली."

"वर म्हणजे? वर स्कॉटलंडात?"

आत्याने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "वर म्हणजे आकाशात! आमच्या स्वर्गातल्या बापा! रोज प्रार्थना म्हणत नाही का तू? आणि खाली तो मटाउराच्या कबरस्तानात. तुमच्या पिढीला धर्माचं काही उरलंच नाही."

नेटीला हसावं की रडावं कळेना. ती उठून मंडपाबाहेर गेली आणि मेंढ्यांच्या कुरणाकडे बघत उभी राहिली. आत्याचं म्हणणं साधं असेल. पण जोहानाने एवढ्याशा पोरीला खरं सांगायचं टाळून असंही म्हटलं असेल. आणि जोहानाला तरी काय आठवत असणार? तीन वर्षांची होती.

एप्रिलमध्ये एका सकाळी फोन वाजला. तिकडे संध्याकाळ असणार.

"मी डोलिना बोलतेय."

नेटी खुर्चीत नीट बसली. सहा महिन्यांत या बाईचा एक शब्द आला नव्हता. यूअनचं नाताळचं कार्ड आलं होतं, त्यावर सही एकट्याचीच होती.

"यूअन बरा आहे ना?"

"त्याला काय होतंय! गुडघा दुखतोय, तो दुखायलाच हवा." मग म्हणाली, "तुम्हाला एक विचारायचं होतं. ती ख्रिस्टीना. तिचं पुढे काय झालं?"

नेटीला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मर्डो कोणता, यातच सगळे अडकले होते. तिने ठाऊक होतं ते सांगितलं. नदीने नवरा नेला तेव्हा ती बेचाळीसची होती, पोटाशी सात मुलं. पुन्हा लग्न केलं नाही. कोंबड्या पाळल्या, सुईणपण केलं. पाण्याला भ्यायची, नदी ओलांडायला नेहमी लांबचा पूलच घ्यायची. १९१० मध्ये गेली.

"तिकडून इकडे कधी पत्र पाठवलं?"

"आमच्याकडे तरी असं काही सापडलं नाही."

"आमच्याकडेही नाही," डोलिना म्हणाली. "मी माळा पालथा घातला. सबंध हिवाळा. तुम्ही गेल्यावर मला राग आला होता, ॲनीसाठी. मग एक दिवस शेगडी पेटवताना मनात आलं, ती दुसरी बाई. पोर कडेवर घेऊन जहाजावर चढली ती. कुणासोबत का चढेना. मागे वळून बघितलं असेल का तिने? आणि बघितलं असेल तर किनाऱ्यावर कोण उभं असेल? मला काही समजत नाही हो. वय झालं माझं, पण समजत नाही."

"मलाही नाही."

"तुम्ही इतकं शिकून सवरून शोधलंत तरी?"

"अहो, मी बस चालवायचे."

पलीकडे डोलिना हसली. बारीक, खरखरीत हसू. फोनवर तिच्या खिडकीबाहेरचा वारा ऐकू येत होता.

"यूअन म्हणतोय, पुढच्या उन्हाळ्यात या," ती शेवटी म्हणाली. "आणि ती तुमची व्हर्ना, ती आमची निघण्याची शक्यता आहे ना? तिलाही आणा. बघू तरी कशी आहे."

"ती फार बोलते," नेटी म्हणाली.

"बोलू दे. आमच्याकडे बोलणारं कुणी नाही."

फोन ठेवल्यावर नेटी स्वयंपाकघरात तशीच बसून राहिली. व्हर्नाला काय सांगायचं, ते तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी ती उठली, चहा टाकला, आणि व्हर्नाचा नंबर फिरवला.